मागचे दोन लूम

विठूमामाला खुर्चीत बसलेला पूर्वीनं जन्मात कधी पाहिला नव्हता. काकांच्या भिवंडीतल्या पॉवरलूम कारखान्यात तो उभा, चहाला बाहेर आला की टपरीच्या बांबूला टेकून उभा, आणि काकांच्या घरी गणपतीला आला तरी प्रसाद हातावर पडेपर्यंत उंबऱ्याशी उभाच. आणि आज बुधवारी सकाळी दहा वाजता, लाइट गेलेली, सगळे लूम गप्प पडलेले, हा माणूस ऑफिसात प्रितेशदादाच्या फिरत्या खुर्चीत बसलेला! खुर्ची फिरेल या धास्तीनं दोन्ही पाय जमिनीला घट्ट रोवलेले. तवा तापला का बघायला हात धरतात तशी बोटं कीबोर्डच्या वर अधांतरी धरलेली. समोर इन्व्हर्टरवर चाललेला मॉनिटर, आणि पूर्वीला आधी दिसला तो त्यावरचा निळा रंग. तो निळा तिनं स्वतः निवडला होता, त्यापायी तीन दिवस घालवले होते. तिचाच गेम होता तो. काकांचा डबा हातात घेऊन ती दारात तशीच उभी राहिली. काकांना साखरेचा त्रास, बाहेरचं खाणं चालत नाही, म्हणून कम्प्युटर क्लासवर शिकवायला जाता जाता डबा टाकायचं काम तिच्याकडे होतं.

भिंतीला लागून पाचसहा कारीगर रांगेत उभे होते. प्रितेशदादा, म्हणजे तिच्या काकांचा थोरला मुलगा, हातात कागद घेऊन टेबलाच्या कडेवर बसला होता. स्क्रीनवर टिंग झालं, तिसऱ्या लूमवर लाल दिवा लागला. तार तुटली. आता बाणाची कळ दाबून माणसाला तिथं न्यायचं आणि एंटर मारून गाठ द्यायची, एवढंच. पण विठूमामानं काय करावं? त्यानं झटकन मान वळवून मागं बघितलं. मागं लोखंडी कपाट आणि पतपेढीचं कॅलेंडर. मान पुढं आणेस्तोवर दुसरी टिंग. त्यानं कशीबशी एक कळ दाबली, माणूस उलट्याच बाजूला चालू लागला, आणि याची मान पुन्हा मागं. "समोर बघ, विठू, समोर!" प्रितेशदादा ओरडला. "मागं भिंत हाय, भिंत! पडतेय काय ती?" रांगेतले हसले. विठूमामाही हसला, ऐकू न आलेला माणूस हसतो तसा, आणि तिसऱ्यांदा त्यानं मागं बघितलं. स्क्रीन काळा झाला. "दोन मिनिटं अकरा सेकंद," प्रितेशदादानं कागदावर लिहिलं, "चारची लेव्हल नापास."

"दादा, हे काय चाललंय?"

"टेस्ट," तो म्हणाला, असा खूश होऊन की जणू तिचीच ओवाळणी तिला दाखवतोय. "सोमवारपासून घेतोय. तुला सांगणारच होतो. कसला भारी बनवलायस गो! जो चार लूमची लेव्हल पार करेल तो चारवर. सहाची केली त्याला सहा. महादूनं पयल्या झटक्यात आठची मारली, कालपासून महादू आठ लूमवर. सगळे सहाआठवर गेले की निम्म्या माणसांत कारखाना चालतोय. आणि ज्याला चारपण जमत न्हाय..." त्यानं हनुवटीनं विठूमामाकडे दाखवलं. "शनिवारपासून कांडीवर."

कांडीवर म्हणजे मागच्या अंधाऱ्या खोलीत, धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरत बसायचं. म्हातारे, आजारी आणि कालपरवा गावाहून आलेले, असल्यांचं काम. मजुरी निम्मी. एकतीस वर्षं लूमवर उभ्या असलेल्या माणसाला! ती म्हणाली, "दादा, अरे, तो गेम आहे." तर हा म्हणतो, "मग? गेममध्ये जमत न्हाय त्याला खऱ्यात काय जमणार? कम्प्युटरला काय विठूशी दुश्मनी हाय? आणि तूच बोललीस ना, सगळं खरंखुरं टाकलंय म्हणून?" बोलली होती. हेच तर! ती स्वतः बोलली होती. गेल्या आठवड्यात दादानं कॉपी मागितली तेव्हा तिला केवढं अप्रूप वाटलं होतं. घरातल्या माणसानं पहिल्यांदा तिचं काही मागितलं होतं. तिनं नवी कोरी सीडी आणली, मार्करनं वर 'लूम' असं वळणदार लिहिलं, खाली बारीक अक्षरात स्वतःचं नाव, आणि चार जणींना सांगत सुटली की आमच्या दादाला माझा गेम आवडला. मूर्ख! ठार मूर्ख! विठूमामा खुर्चीतून हळूच उठला, खुर्ची होती तशी सरळ करून ठेवली आणि तिच्याजवळ येऊन मोठ्यानं म्हणाला, कारण बहिऱ्या कानांमुळे तो सगळंच मोठ्यानं म्हणायचा, "यो तुजा हाय, पोरी? बेस हाय. रंग बेस हाय." तिनं डबा टेबलावर आदळला आणि बाहेर पडली.

बाहेर पायरीवर महादू बसला होता, आठवाला. बावीस वर्षांचा, शेलारच्या पुढच्या पाड्यावरचा, धामणकर नाक्याच्या सायबर कॅफेत सुट्टीचा दिवस घालवणारा. दोन दिवसांपूर्वी हाच म्हणे आठची लेव्हल पार करून ऑफिसात नाचला होता. आता त्याचे डोळे लालभडक होते आणि हातातला वडापाव तसाच होता. "ताई," तो म्हणाला, तक्रारीनं नाही, खरंच विचारावं तसा, "तुमच्या गेममध्ये तार तुटली का घंटी वाजते. हितं वाजत न्हाय. मना कलतच न्हाय कवा तुटली ती. कापडात वीतभर फट पडते तवा दिसतं." रिक्षा स्टँडपर्यंत ती ताडताड चालत गेली, शेअर रिक्षात तिघींच्या मध्ये चेपून बसली, आणि टेमघरचा रस्ता मागं पडेपर्यंत तिच्या कानात ती टिंग वाजत होती. तिनंच घातलेली.

का घातली होती? तर शहाणपण सुचलं म्हणून. पाच वर्षं ती हे शिकत होती, कुणी न शिकवता, क्लासमधले विद्यार्थी गेल्यावर उरलेल्या तासाभरात आणि घरी काकांनी घेऊन दिलेल्या कम्प्युटरवर. पहिला गेम म्हणजे नुसता एक चेंडू, भिंतीवर आपटून परत येणारा. तो भिंतीतून आरपार निघून जायचा आणि कुठं जायचा देव जाणे. तो परत आणायला तिला दीड महिना लागला, आणि आला त्या दिवशी ती एकटीच टाळ्या वाजवून हसली होती. मग खाडीतल्या चिंबोऱ्या पकडायचा गेम, आजी सांगायची तसा, ओहोटीला बिळात हात घालायचा आणि नांगी लागायच्या आत काढायचा. तो आईला सोडून कुणाला आवडला नाही, आणि आईनंही तो डोळे मिटत मिटत बघितला. मग धामणकर नाक्याचा गेम : पोलीस यायच्या आत रिक्षात सहा माणसं कोंबायची. तो क्लासमधल्या पोरांनी दिवसदिवस खेळला. पण पोरं चिडायची, मॅडम, मेलो कसा तेच कळत नाही! परदेशातल्या हौशी गेमवाल्यांचा इंटरनेटवर एक फोरम होता, तिथं तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, आणि कुणा जुन्याजाणत्यानं समजावून सांगितलं की खेळणाऱ्याला सगळं दिसलं पाहिजे, काही घडलं की आवाज आला पाहिजे, आणि आपण का हरलो ते त्याला कळलं पाहिजे. नाहीतर खेळ अन्यायाचा वाटतो. हे तिनं वहीत लिहून ठेवलं होतं, खाली दोन रेघा मारून. आता त्या रेघा आठवून तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. खेळ अन्यायाचा वाटू नये म्हणून घंटी! आणि लूम अन्यायाचा वाटतो त्याचं काय?

आणि तिला माहीत नव्हतं अशातलाही भाग नव्हता, राग त्याचाच जास्त होता. तिचे बाबा, केसरीनाथ, काकांचे धाकटे भाऊ, असेपर्यंत कारखाना तेच बघायचे, आणि शाळेला सुट्टी असली की तिला बरोबर न्यायचे. आत शिरलं की आवाज कानात नाही, छातीत शिरायचा. तिथं कुणी बोलतच नसे. बोलून उपयोग काय? सगळं हातांनी. दोन बोटं एकमेकांत अडकवून तोडली की तार तुटली. अंगठा गरगर फिरवला की कांडी संपली. मिशीवरून हात फिरवला की शेठ आला. तिला ती भाषा पाटीवरच्या अक्षरांच्या आधी यायला लागली होती. विठूमामानं तिला गाठ मारायला शिकवली, डोळ्याला दिसणार नाही एवढी बारीक. त्यानंच दाखवलं होतं की बाण्याचं, म्हणजे आडवं सूत संपलं तर लूम आपोआप थांबतो, पण ताण्याची, म्हणजे उभी, एखादी तार तुटली तर थांबत नाही. मुकाट्यानं खराब कापड विणत राहतो, आणि ते शोधायचं डोळ्यांनी. हजारो तारांतली एक. हे सगळं तिला ठाऊक होतं. पहिल्या प्रतीत घंटी नव्हतीच! पण क्लासमधली पोरं अर्ध्या मिनिटात हरायची, कंटाळायची, उठून रिक्षावाला गेम लावायची. म्हणून तिनं लाल दिवा घातला, टिंग घातली, तुटायचं प्रमाण कमी केलं, माणूस थकायचा तेही काढून टाकलं, कारण थकलेला माणूस हळू चालतो आणि हळू चालणारा माणूस खेळायला कुणाला आवडतो? एक एक करून तिनं विठूमामाचं सगळं काम त्यातून काढून टाकलं आणि नाव मात्र 'लूम' ठेवलं. आणि वर सांगितलं, खरंखुरं आहे!

क्लासमध्ये त्या दिवशी ती कुणाशी धड बोलली नाही. खोली अरुंद, दोन्ही भिंतींना पाच पाच कम्प्युटर, मधल्या बोळात ती उभी. टायपिंगची बॅच चालू होती. समोरच्या ओळीतली मुलगी अडली, "मॅडम," पूर्वीनं तिला दाखवलं. मागून कुणी म्हणालं "मॅडम", ती वळली. मग पुन्हा पुढं. मागं. मग मागून कुणीच हाक मारली नाही, तरी तिची मान आपोआप वळली, कारण मागच्या कोपऱ्यातला एक मुलगा भिडस्त होता, अडला तरी हाक मारत नसे, नुसता बसून राही. तिला तिकडे अधूनमधून बघायची सवय लागली होती. आणि मान वळलेली असतानाच तिला ऑफिसातली ती मान आठवली. विठूमामा! तो भ्यालेला नव्हता, बावचळलेलाही नव्हता. चार लूमचा कारीगर दोन दोन लूमच्या मधल्या गल्लीत उभा असतो. दोन समोर, दोन पाठीमागं. मागचे दोन हाक मारत नाहीत. म्हणून एकतीस वर्षं, बारा बारा तासांच्या शिफ्टमध्ये, दर चार श्वासांनी त्यानं मान वळवलेली आहे. चहा पिताना तो मागं बघतो, आरतीत मागं बघतो, बाबांच्या तेराव्याला पानावर बसवला तेव्हाही घास तोंडात असताना मागं बघत होता आणि बायका कुजबुजल्या होत्या की याला काही बाधलंय की काय. आणि हिनं काय केलं होतं? सगळे लूम वरून दाखवले होते. आठही एका नजरेत, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे, आणि त्यात एवढासा माणूस. असं वरून कारखान्याकडे बघतं कोण? विणणारा बघत नाही. तो मध्ये उभा असतो. काम चांगलं येत होतं म्हणूनच विठूमामा हरला होता, आणि सहा माणसं त्याला हसली होती, आणि तिच्या गेमनं ते हसू पुरवलं होतं.

"मॅडम, बरं नाही का?" पुढच्या मुलीनं विचारलं. "बरी आहे," ती खेकसली, आणि दुपारची बॅच सोडून देऊन तिथल्याच एका कम्प्युटरवर बसली. आधी घंटी काढली. मग लाल दिवा. तुटलेली तार आता एवढीच : एक केसाएवढी पांढरी रेघ नाहीशी होते, आणि कापडात हळूहळू फट वाढत जाते. मग सगळ्यात अवघड काम, वरून बघणारा डोळा खाली आणायचा. स्क्रीनवर फक्त दोन लूम. स्पेसबार दाबला की माणूस वळतो आणि मागचे दोन दिसतात, पण तेव्हा पुढचे दिसत नाहीत. सहाच्या लेव्हलला आणखी दोन गल्लीच्या टोकाला, तिथं चालत जायचं, आणि गेलं की बाकीचे चारही नजरेआड. काय सोपं होतं हे करायला! एक दुपार आणि सकाळचे दोन तास. पाच वर्षांत तिनं एवढ्या झरझर काही लिहिलं नव्हतं. राग असा हातात उतरतो हे तिला माहीत नव्हतं. संध्याकाळी जेवताना आईच्या ताटात बघत ती सगळं बोलून गेली. आई, कमळ, भाकरी मोडत ऐकत होती. मग म्हणाली, "आपण काकांच्या घरात राहतो, पूर्वी. कम्प्युटर त्यांनी घेऊन दिला, तेवढं डोक्यात ठेव." पूर्वी म्हणाली, "कारखाना अर्धा बाबांचा होता, ते कुणाच्या डोक्यात आहे?" आईनं इकडेतिकडे बघितलं आणि तिच्या ताटात आणखी आमटी वाढली. याच्यावर घरात बोलणं असं संपतं.

गुरुवारी दहा वाजता लाइट गेली आणि सव्वा दहाला पूर्वी ऑफिसात होती. आज काकाही होते. रामनाथशेठ, पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, डबा उघडून सुकटीची चटणी हुंगत बसलेले. प्रितेशदादाचा कागद समोर पडला होता. उरलेले कारीगर भिंतीशी, विठूमामा दाराशी, महादू पायरीवर. तिनं कुणाला न विचारता सीडी घातली. "गेममध्ये चूक होती," ती म्हणाली, "आता दुरुस्त केलाय. टेस्ट पुन्हा घ्यायची. आधी दादाची."

"माझी कशाला?" प्रितेशदादा हसला.

"कशाला म्हणजे? तू चारवाल्यांना कांडीवर बसवतोयस ना? मग चार चालवून दाखव."

सगळे बघत होते म्हणून तो बसला. स्पेसबार कुठला, एंटर कुठला, तिनं सांगितलं. पहिलं अर्धं मिनिट तो मजेत होता. मग म्हणाला, "आवाज बंद हाय काय?" "नाही." "मग तुटली ते कळणार कसं?" पायरीवरून महादू मोठ्यानं हसला आणि त्यानं लगेच तोंडावर हात ठेवला. प्रितेशदादा पुढच्या दोन लूमकडे डोळे फाडून बघत राहिला. मागच्या दोघांवर हातभर फट पडली होती. एक मिनिट वीस सेकंद. स्क्रीन काळा झाला. "हे काय! मागचं दिसतच न्हाय! बिघडवून ठेवलायस तू, पयला चांगला होता." "पहिला खोटा होता," पूर्वी म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "पहिल्यात मी घंटी घातली होती, पोरांना खेळायला मजा यावी म्हणून! वरून दाखवलं होतं, सोपं जावं म्हणून! त्या मजेवर तू माणसं कापतोस? दोन दिवस आठ लूमवर उभा करून त्या महादूचे डोळे बघितलेस काय झालेत ते? आणि विठूमामा मागं बघतो म्हणून हसलात ना सगळे? तो मागचे दोन लूम बघत होता!"

"आवाज खाली," काका म्हणाले. एवढंच. डबा बाजूला सारला, रुमालाला हात पुसले आणि म्हणाले, "ऊठ रे." प्रितेशदादा उठला. काका खुर्चीत बसले. काका स्वतः खुर्चीत बसून हे करतील असं तिला वाटलंच नव्हतं. तिची तयारी भांडायची होती, आणि भांडण असं मध्येच हातातून काढून घेतल्यावर काय करायचं तिला सुचेना. "वलायची कंची?" त्यांनी विचारलं. तिनं स्पेसबार दाखवला. जाड बोटांनी त्यांनी तो दोनदा चाचपून बघितला आणि सुरुवात केली. पहिली तार त्यांची हुकली. दुसरी धरली. तिसरी धरली. बोटं अडखळत होती, पण डोळे आधीच तिथं पोचलेले असायचे. घरची गोडाऊनं, जमिनी, गाड्या हे सगळं नंतरचं. त्याआधी मिठागरांवरचं काम सुटल्यावर विशीतला रामनाथ दुसऱ्याच्या कारखान्यात सहा वर्षं चार लूमवर उभा होता, ते घरात कुणी बोलत नसे आणि काकांना तर मुळीच चालत नसे. आता त्यांचा श्वास जोरात लागला होता. आणि मग काकांनी स्पेसबार दाबला आणि त्यासरशी त्यांची स्वतःची मान झटकन मागं वळली. कपाटाकडे. कॅलेंडरकडे. पुन्हा पुढं. पुन्हा चार श्वासांनी मागं.

"बाबा, समोर..." प्रितेशदादाच्या तोंडून निघालं आणि तो थांबला. रांगेतलं कुणीही हसलं नाही. काकांना स्वतःला ते कळलं तेव्हा त्यांची मान अजून मागंच होती, आणि मागं वळलेल्या त्या तोंडासमोर दारात विठूमामा उभा होता. दोघं एकाच वयाचे. तेवढ्यात लाइट आली. आधी पंखा, मग शेजारच्या कारखान्यातला पहिला लूम, मग भिंतीशी उभे कारीगर आत पळाले तसे आपले एकामागून एक, आणि दोन मिनिटांत ऑफिसची काच थरथरायला लागली. कोण काय बोलतंय ते आता कुणालाच ऐकू जाणार नव्हतं. काकांनी कीबोर्डवरचा हात उचलला आणि विठूमामाला बोटं दाखवली. चार. विठूमामानं मान हलवली आणि तो आपल्या गल्लीत निघून गेला, जणू पाण्याला गेला होता आणि आला.

पूर्वीनं काकांच्या समोर जाऊन पायरीकडे, महादूकडे हात केला, आणि आठ बोटं दाखवून ती आडवी झटकली. काकांनी तिच्याकडे बघितलं. तिला ती भाषा येते हे बहुधा ते विसरले होते. मग त्यांनी सहा बोटं वर केली. तिनं मान हलवली, चार बोटं दाखवली. काकांनी पुन्हा सहा. हे काय, बाजार आहे? ती ओरडली, "सहा पण होत नाहीत, काका! तुम्हाला माहीत आहे!" तिचं ओरडणं तिला स्वतःलाही ऐकू आलं नाही. काकांनी कम्प्युटरमधून सीडी काढली, तिच्या हातात दिली, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "यो घरी ने. परत हितं दिसाय नको." आणि ते आत निघून गेले. तिनं चार बोटं तशीच वर धरून ठेवली होती. ते वळून बघतील असं तिला वाटत होतं. त्यांनी बघितलं नाही.

शनिवारी विठूमामा चार लूमवर होता आणि महादू सहावर. कांडीवर कुणी गेलं नाही. म्हणजे जिंकलो म्हणायचं की काय? प्रितेशदादा जिन्यात भेटला तर म्हणतो, "गेमच होता तो, एवढं काय मनाला लावून घेतलंस?" तिनं सांगितलं, "विठूमामाची माफी माग, मग नाही लावून घेत." तो हसून खाली उतरला. माफी बिफी कुणी मागितली नाही, मागणारही नाही, आणि ज्याची मागायची तो चहाच्या टपरीवर बांबूला टेकून तिला विचारतो, "दुसरा कवा करतंस, पोरी? रंग तोच ठेव." तिला हसावं की रडावं कळेना. ती दोन्ही न करता त्याच्या शेजारी उभी राहून चहा प्यायली, आणि चहा संपेपर्यंत त्यानं तीनदा मागं बघितलं. तिनंही त्याच्याबरोबर बघितलं. मागं रस्ता होता, टेम्पो होते.

नवा गेम तिनं शुक्रवारी, भिवंडीच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी, फोरमवर जुन्याच्या शेजारी टाकला होता. सोमवारी क्लासमध्ये उघडून बघितलं तर त्याच जुन्याजाणत्याचं उत्तर आलेलं होतं, नेहमीसारखं समजूतदार आणि मुद्देसूद. आवाज येत नाही. तार तुटली ते समजत नाही. अर्धा खेळ पाठीमागं आहे, तो दिसत नाही. माणूस का हरतो ते त्याला कळतच नाही. तुझा आधीचा फार चांगला होता, त्याला काय झालं? तिनं उत्तर लिहायला घेतलं. भिवंडी कुठं आहे ते लिहिलं, बारा तासांची शिफ्ट लिहिली, विठूमामाचे कान लिहिले, एकतीस वर्षं लिहिली, काकांची सहा बोटं लिहिली. इंग्रजी चुकत होतं तरी लिहीत गेली, पान भरलं. मग तिनं ते वरपासून वाचलं. एवढं सगळं सांगितल्यावर तोही म्हणेल, अरेरे, आणि एखादी घंटी सुचवेल. तिनं सगळं खोडलं आणि दोनच शब्द पाठवले : मान वळवा.